दीड बोट

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. मी लग्न होऊन कंधारकडच्या या गावात आले तेव्हा मला चार माणसांत बोलता येत नव्हतं, आणि अजूनही येत नाही. नवं माणूस समोर आलं की शब्द घशातच राहतो. सासूबाई म्हणायच्या, मुकी करून आणली का काय. माझ्या वतीनं अक्काच बोलायची. बाजारात भाव ती करायची, शाळेत पोरीचं ती विचारायची. दवाखान्यात मी माझं दुखणं तिच्या कानात सांगायचे आणि ती डॉक्टरला ते मोठ्यानं सांगायची, कधी कधी थोडं वाढवून.

ती आजारी पडली तेव्हा तिच्यासोबत कुणीतरी बोलणारं जायला हवं होतं. पण घरात मोकळी मीच होते.

हे मी पोरीच्या जुन्या वहीत मागच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, पण अक्षर बरं आहे. हे कुणाला दाखवायचं नाही.

अक्काच्या छातीची डावी बाजू नांदेडला काढली. गाठ फार दिवस तिनंच लपवली होती, त्यावर आता लिहून उपयोग नाही. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले की आता मशीनचा शेक द्यावा लागेल, पाच आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज. नांदेडला नंबर दीड महिन्यानं लागत होता, म्हणून चिठ्ठी देऊन आम्हाला लातूरला पाठवलं. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत एका म्हातारीकडं पत्र्याची खोली मिळाली. खोलीत बाज, स्टोव्ह आणि पाण्याचा निळा ड्रम. न्हाणीला दार नव्हतं, लुगड्याचा पडदा होता. थोरले दीर, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, आठवड्यातून एकदा गुरुवारी यायचे. दादांसमोर माझ्या डोक्यावरचा पदर ढळत नाही आणि तोंड तर उघडतच नाही.

पहिल्या दिवशी शेक दिला नाही, नुसतं माप घेतलं. अक्काला एका उतरत्या फळीवर निजवलं, डावा हात डोक्यावर धरायला लावला आणि गोल मशीनमधून फोटो काढले. तिथं काम करणारी एक पोरगी होती, रेणापूरकडची. पंचविशीची असेल. पांढऱ्या कोटाच्या खिशात तिची पेनं असायची आणि हातात कायम कसलातरी कागद. ती अक्काला म्हणाली, "सुईनं तीन बारीक ठिपके टोचते अक्का. मुंगी चावल्यागत होईल. रोज तुम्हाला मशीनखाली निजवताना त्या ठिपक्यांवर धरूनच निजवायचं असतंय."

"आन ते जाणार कवा?" अक्कानं विचारलं.

"ते जात नाहीत. कायमचे."

अक्का उठूनच बसली. "न्हाई बाई. हे हातावरचं गोंदण माझ्या मावशीनं गोंदवून घेतलेलं हाय, ते मी वर घेऊन जाणार. दवाखान्याचं गोंदण घेऊन देवाम्होरं उभी राहू का?"

"देव काय विचारतोय का अक्का?"

"इचारंल की. म्हणंल, ही कोन गोंदणारीण? लईच कंजूष दिसती, तीनच ठिपके!"

पोरगी हसली. मग तिनं जांभळ्या शाईच्या पेनानं तीन फुल्या काढल्या. एक छातीच्या मध्यावर आणि दोन दोन्ही बरगड्यांवर. त्यांवर पारदर्शक चिकटपट्टी लावली. म्हणाली, "पाणी लावायचं नाही. अंग ओल्या फडक्यानं पुसायचं. फुली पुसट झाली तर मला सांगायचं, मी गडद करते. घरी कुणी हात लावायचा नाही." हे तिनं दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा माझ्याकडं बघून सांगितलं. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी शेक सुरू होईल असं आम्हाला वाटलं होतं. तो सुरू झाला नाही. तिथल्या डॉक्टर बाई म्हणाल्या की शेक कुठं किती पडायचा त्याचा नकाशा तयार आहे, पण बुधवारी तो दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचा आहे, मगच सुरू करता येईल. बुधवारी दुपारी त्यांच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि मी बाहेरच्या बाकावर होते. आत भिंतीवरच्या पडद्यावर अक्काचा आतला फोटो होता, कलिंगड आडवं कापल्यासारखा. त्यावर लाल, हिरवी, निळी अशी कडी काढलेली होती. कॉम्प्युटरमधून नांदेडचे एक मोठे डॉक्टर बोलत होते. मला समजलं ते इतकंच, की डाव्या बाजूला काळीज आहे आणि हे निळं कडं त्याच्या फार जवळ जातंय. डॉक्टर बाई काहीतरी सांगायला गेल्या. ते म्हणाले, "नाही, परत करा."

त्या मोठ्या, शिकलेल्या बाई. त्यांनी "बरं सर" म्हणून वहीत लिहून घेतलं. मला त्यांच्याकडं बघवेना. मला वाटलं, आपल्याला कुणी असं सगळ्यांसमोर म्हटलं असतं तर आपण परत त्या खोलीत गेलोच नसतो.

नवा नकाशा होऊन तो मंजूर व्हायला पुढचा बुधवार उजाडला. दादांना ते पटलं नाही. "एकाचं एकाला पटंना. स्वतःला येत असतं तर दुसऱ्याला कशाला इचारलं असतं?" ते डॉक्टर बाईंसमोरच म्हणाले.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मी एकटीनं ठरवलं आणि माझं चुकलं, तर मला कोण सांगणार? म्हणून दाखवायचं. दर बुधवारी आम्ही बसून एकमेकांच्या चुका काढतो."

"म्हंजी जावाजावांसारखं," अक्का म्हणाली, आणि बाई खळखळून हसल्या. मीसुद्धा पदराआड हसले.

एवढं होऊनही अजून एक तपासणी होती. मशीनचं गणित बघणारे एक सर होते. त्यांनी अक्काच्या आधी अक्काचा शेक एका चौकोनी डब्याला दिला. आत तारा होत्या, नकाशात लिहिलंय तेवढंच पडतंय का हे त्या सांगतात म्हणे. अक्कानं त्या सरांनाही सोडलं नाही. "डबा बरा हाय ना? मग घ्या मला."

मी हे सगळं बघत होते. एका बाईच्या छातीवर कुठं काय पडावं यासाठी इतकी माणसं एकमेकांचं तपासतात, हे मला खरं वाटत नव्हतं. आमच्या घरात मी भाजीत मीठ घातलं की नाही हेसुद्धा कुणी विचारत नाही. जेवायला बसल्यावर कळतं.

दोन आठवडे चांगले गेले. रोज पोरगी अक्काला निजवायची, उजेडाच्या रेघा फुल्यांवर जुळवायची, टेबलाचा आकडा वाचायची आणि कागदावरच्या आकड्याशी ताडून बघायची. दुसरी एक पोरगी तेच परत बघायची. दोघींच्या सह्या व्हायच्या. मग जाड दार बंद व्हायचं. गुरुवारी शेकाच्या आधी मशीनवर एक फोटो काढून तो पहिल्या फोटोशी जुळवून बघायचे. अक्काच्या फुल्या जशाच्या तशा राहायच्या. पोरगी इतर बायकांना अक्का दाखवायची. "बघा, अक्का कशी जपते. शिका जरा." अक्काला ते आवडायचं. खोलीवर आल्यावर ती म्हातारीला दोनदोनदा सांगायची.

तिसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी सकाळी फोन आला की हिमायतनगरची मावशी गेली. अक्काची आई ती लहान असतानाच वारली होती. या मावशीनंच तिला वाढवलं, हातावरचं गोंदणही तिनंच करून घेतलेलं. जायचं म्हटलं तर दिवसभराचा एसटीचा प्रवास. डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हणून सांगितलेलं, आणि तिकडं तर दुपारीच उचलणार होते. अक्का फोन ठेवून बराच वेळ बाजेवर बसून राहिली. मग उठली आणि ड्रमातलं पाणी बादलीत काढायला लागली.

मी म्हटलं, "अक्का, फुल्या."

"सुतकाची आंघूळ करावी लागंल."

"निस्ते पाय धू."

तिनं माझ्याकडं बघितलं. "मावशी न्हवती ती. माय व्हती. मायच्या नावानं पाय धू?"

मी पडद्याबाहेर उभी राहिले. ती डोक्यावरून पाणी घेताना रडत होती, मोठ्यानं, पाण्याच्या आवाजात. दोन बादल्या झाल्या. मला आत जाऊन तिचा हात धरता आला असता. माझ्याच्यानं ते झालं नाही, आणि खरं सांगायचं तर ते मला चूकही वाटलं नाही. माझी आई गेली असती तर मीही हेच केलं असतं. ती बाहेर आली तेव्हा चिकटपट्टी एका बाजूनं लोंबत होती आणि जांभळे ओघळ पोटावरून परकरापर्यंत गेले होते.

रविवारी तिला त्याची आठवण झाली. बरगड्यांवरच्या फुल्यांचा नुसता डाग राहिला होता. मधली तर पारच गेली होती.

"उद्या सांगू त्या पोरीला," मी म्हटलं.

"काय सांगू? समद्या बायांम्होरं माझं नाव घेत्याय ती." तिनं बरगडीवरच्या डागावर बोट फिरवलं. "तूच काढ की. तुझा हात चांगलाय."

माझा हात चांगला आहे हे खरं आहे. मला दुसरं काही येत नाही, पण रांगोळी येते. पंधरा ठिपके पंधरा ओळी मी न मोजता टाकते आणि रेघ तसूभर हलत नाही. गावात लग्न असलं की चौकाची रांगोळी मलाच घालायला बोलावतात. कारण तिथं बोलावं लागत नाही.

कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन मी बोटानंच पेन दाखवला. अक्का बाजेवर ताठ बसली. बाजूच्या दोन फुल्या मी डागांवर धरून काढल्या, पण बघितलं तर एक वर, एक खाली दिसत होती. ती मी थोडी वर घेऊन सारखी केली. मग मधली. ती फुली मधोमध नव्हती, थोडी डावीकडं होती, हे मला चांगलं आठवत होतं. दोन आठवडे रोज पदर सावरताना ती माझ्या डोळ्याला खुपायची. मला वाटायचं पोरीनं घाईत काढली असेल. मी दोन्हीकडून बोटं मोजली आणि ती बरोबर मध्यावर घेतली. दीड बोट सरकवावी लागली.

अक्कानं आरशात बघितलं. "त्या पोरीपेक्षा झ्याक काढलीस गं."

मला आनंद झाला होता. ते लिहायलाच पाहिजे. त्या सबंध आजारपणात माझ्या हातून काहीतरी चांगलं झालं असं मला तेव्हा एकदाच वाटलं.

सोमवारी दुसरी पोरगी रजेवर होती. रेणापूरची पोरगी एकटीच होती आणि बाहेर बाकावर बायका दाटीनं बसल्या होत्या. मी दाराशी होते. तिनं विचारलं, "अक्का, पट्टी कुठं गेली? पाणी लागलं का?"

"न्हाई. घामानं निघाली."

तिनं उजेड जुळवला, आकडा वाचला, कागद बघितला. परत आकडा वाचला. "जरा वर सरका अक्का. अजून थोडं." मग खिशातला पेन काढून माझ्या फुल्यांवरच आपली शाई फिरवली. कागदावर तिची एकटीचीच सही झाली आणि दार बंद झालं. मंगळवारी तसंच, बुधवारीही तसंच.

गुरुवारी दादा आले होते. अक्काला निजवून फोटो काढला आणि शेक न देताच बाहेर आणलं. गणिताचे सर आले, डॉक्टर बाई आल्या. पडद्यावर दोन फोटो एकावर एक ठेवले होते आणि अक्काची हाडं दोनदोन दिसत होती. आम्हाला आत बोलावलं. पोरगी भिंतीला लागून उभी होती, कागद छातीशी धरून.

डॉक्टर बाई म्हणाल्या, "अक्का, तीन दिवस शेक थोडा बाजूला पडलाय. काखेकडची कड सुटली आणि आत जास्त गेलं. तीन दिवसांचं भरून काढता येईल, घाबरू नका. पण हे का झालं ते मला कळलं पाहिजे. घरी कुणी फुल्यांना हात लावला का? खरं सांगा, कुणीही रागावणार नाही. नुसत्या फुल्या सरकल्या असतील तर जुन्या नकाशावरून मी आजच त्या नीट बसवते आणि उद्यापासून परत चालू करते. पण फुल्या सरकल्या नसतील आणि अंगच बदललं असेल, सूज असेल, पाणी असेल, तर सगळं नव्यानं करावं लागेल. माप, नकाशा, बुधवारची बैठक. तोवर मशीन बंद. आणि मधे खंड पडणं चांगलं नाही."

हे सगळं मला समजलं. समजलं नाही असं म्हणायला मला जागा नाही. त्या शाळेतल्या बाईसारख्या, एकेक वाक्य सुटं करून बोलल्या होत्या.

अक्कानं माझ्याकडं बघितलं. मी खाली माझ्या जोडव्यांकडं बघत होते. दादा शेजारी उभे होते. पदराच्या आत माझं तोंड उघडलं होतं, हे मला आठवतं. आणखी थोडा वेळ कुणी बोललं नसतं, तर कदाचित मी बोलले असते.

"न्हाई बाई," अक्का म्हणाली. "आमी कशाला हात लावू?"

दादांना जोर आला. "आमच्यावर कामून ढकलायलाव? ही पोरगीच रोज पेन घेऊन बसती. तिलाच इचारा ना!"

सर त्या पोरीला म्हणाले, "आकडा जुळत नव्हता तेव्हा थांबायला काय झालं होतं? दुसरं माणूस नव्हतं तर मला का नाही बोलावलं?" तिनं हातातला कागद त्यांच्याकडं दिला.

खोलीवर आल्यावर मी अक्काला म्हटलं, "मी सांगून येते."

"आन ह्यांना काय सांगशील? मी खोटं बोलले म्हणून?"

तरी शुक्रवारी सकाळी मी एकटी गेले. रात्रभर वाक्य जुळवलं होतं. बाई, फुल्या मी काढल्या. चारच शब्द. मधल्या पाणपोईशी ती रेणापूरची पोरगी तोंड धूत होती. तिला मशीनवरून काढून फायलींच्या खोलीत बसवलं होतं. मला बघून ती जवळ आली, डोळे सुजलेले. म्हणाली, "मावशी, तुम्ही तर होता ना तिथं. मी दोनदा सांगितलं होतं ना, पाणी लावू नका, हात लावू नका म्हणून?"

"हाव," मी म्हटलं.

"मग तेवढं सांगता का मॅडमला?"

मी मान हलवली आणि डॉक्टर बाईंच्या दाराशी गेले. त्या कुणाचा तरी फोटो बघत होत्या. वर बघून हसल्या. "काय मावशी? या ना."

मी म्हटलं, "गरम पाणी कुठं मिळतंय?"

त्यांनी सांगितलं. मी तिथं गेले, सोबत भांडं नव्हतं, तशीच थोडा वेळ उभी राहिले आणि परत आले.

सगळं नव्यानं झालं. माप, नकाशा, सरांचा डबा, बुधवारची बैठक. नांदेडच्या डॉक्टरांनी पडद्यावरून दहा प्रश्न विचारले. सूज कुठं आहे, पाणी कुठं आहे, वजन किती उतरलं. डॉक्टर बाई प्रत्येकाला "नाही सर, काही सापडत नाही" म्हणत होत्या. मी बाहेरच्या बाकावर ऐकत होते. इतकी हुशार माणसं आणि सगळी चुकीच्या ठिकाणी शोधत होती, कारण बरोबरचं ठिकाण दाराबाहेर बसलं होतं. मधे अकरा दिवस गेले.

या वेळी सुईचे ठिपके काढायचे म्हणाले तेव्हा अक्कानं वाद घातला नाही. "टोचा," म्हणाली, आणि तोंड भिंतीकडं केलं. ठिपके टोचणारी पोरगी दुसरी होती.

पुढं एक वर्ष बरं गेलं. अक्का शेतात गेली नाही, पण निवडणं-टिपणं करायची आणि पुन्हा माझ्या वतीनं बोलायची. त्या दिवसांबद्दल ती एकदाच बोलली. आम्ही दोघी अंगणात तूर निवडत होतो.

"दीड बोटानं काय व्हतंय गं?" ती म्हणाली.

मला वाटलं ती मला समजावते आहे. मग कळलं की ती विचारत होती. तिला उत्तर हवं होतं. मी सुपातले खडे वेचत राहिले.

वर्षानंतर तिला गाठ लागली, शिवलेल्या जागेच्या काखेकडच्या कडेला. ती तिनं लपवली नाही, दुसऱ्याच दिवशी दाखवली. नांदेडला फोटो काढले तर पाठीच्या मणक्यातही निघालं. लातूरला परत पाठवलं ते नुसतं दुखणं कमी करायच्या शेकासाठी, पाच दिवसांचा. डॉक्टर बाईंनी अक्काला बाहेर बसवलं आणि दादांना सांगितलं की आता दिवस मोजायचे. दादा उठून बाहेर गेले. मी उठले नाही.

मग मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही, फार तुटक असणार. बादली, सुतक, पेन, मधली फुली, दीड बोट. बाई हातातला पेन खाली ठेवून ऐकत होत्या. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं, "त्या बसलेल्या असताना काढल्या का?"

"हाव."

"म्हणून," त्या म्हणाल्या. "निजून हात वर केल्यावर कातडी सरकते. बसल्यावर ती फुली वाकडी दिसणारच होती."

हे त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या बोलल्या. मग मी विचारलं. गरम पाण्याचा तो प्रश्न सोडला, तर अनोळखी माणसाला आपणहून काही विचारल्याचं मला दुसरं आठवत नाही. "बाई, त्यानंच झालं का हे?"

त्यांनी खुर्ची माझ्याकडं वळवली. "तीन दिवसांनी सहसा एवढं होत नाही. ते आम्ही भरून काढलं होतं. खंड पडला तो चांगला नव्हता. पण आजार मुळातच वाढलेला होता. सगळं नीट होऊनही परत येतं, मावशी. त्यामुळं झालं असं मी म्हणू शकत नाही. त्यामुळं झालं नाही असंही म्हणता येत नाही. ते कुणालाच सांगता येणार नाही."

"आन ती पोरगी?"

"ती त्याच महिन्यात सोडून गेली. कुठं आहे माहीत नाही." त्यांनी अक्काची जुनी फाइल मागवली आणि मी सांगितलेलं त्यात लिहिलं, चांगल्या सात-आठ ओळी. म्हणाल्या, "बुधवारी सगळ्यांना वाचून दाखवते." त्यांचा आवाज कडक नव्हता. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

रेणापूर काही मोठं गाव नाही. जाऊन विचारलं असतं तर तिचं घर सापडलं असतं. मी गेले नाही. जाऊन काय बोलले असते?

अक्का पोळा झाल्यावर गेली, घरीच, सकाळच्या वेळी. दादा असल्यामुळं सवाष्ण गेली असं बायका म्हणाल्या. अंघोळ घालायला आम्ही पाचजणी होतो. पाणी कोमट केलं. मी पाणी ओतत होते आणि चुलत सासू हळद लावत होत्या. छातीवर हात गेला तेव्हा त्या थांबल्या.

"हे काय गं? हे कशाचं गोंदण?"

तीन हिरवट ठिपके होते, खसखशीच्या दाण्याएवढे. दोन बरगड्यांवर आणि एक मध्याच्या जरा डावीकडं.

"दवाखान्याचं," मी म्हटलं.

"जाईना का?"

"न्हाई."

"मग आता हे घेऊन चालली का ही?" त्या म्हणाल्या आणि त्यांनी हळदीच्या बोटानं तो ठिपका चोळला. तो हलला नाही.

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या, पुढचं पाणी ओतायचं होतं. मी तांब्या भरला. मधल्या ठिपक्याच्या बाजूला, दीड बोटावर, नुसती कातडी होती. तिथं काहीच नव्हतं. मी तिथं पाणी ओतलं आणि हातानं पुसलं, आणि परत पुसलं, मग चुलत सासू म्हणाल्या, "बास झालं, लुगडं आण."

मी लुगडं आणायला आत गेले.